सोडलेले मित्रकीटक गेले कुठे? आधी त्यांच्या जेवणाचं बघा

“किडे सोडले, आठ-दहा दिवस दिसले, मग एकही नाही. पिठ्या ढेकूण मात्र महिन्याभरात पुन्हा जिथल्या तिथे.” अलिबागच्या वाडीत विचारा नाहीतर वेंगुर्ल्याच्या कलमांत, मित्रकीटकांचा, म्हणजे कीड खायला शेतात सोडतात त्या किड्यांचा, विषय निघाला की थोड्याफार फरकाने हेच ऐकू येतं. मालवणकडे प्रश्न आणखी थेट असतो: “पैसे दिले, किडे गेले खंय?” आणि त्यामागोमाग निकालही ठरलेला, की किडे बोगस होते.

बोगस माल येतो, नाही असं नाही. पण जी तक्रार दरवर्षी त्याच शेतातून, त्याच महिन्यात येते, तिच्या मुळाशी बहुतेक वेळा उपासमार असते. औषध बाटलीत सहा महिने पडून राहिलं तरी चालतं; परभक्षी, म्हणजे कीड धरून खाणाऱ्या, किड्याला रोज खायला लागतं. मादीला अंडी घालायची तर जगण्यापुरतं मिळून भागत नाही, त्याहून बरंच जास्त लागतं. आणि पिल्लांना पुढचे दोन-तीन आठवडे पुरेल एवढी कीड त्याच झाडावर असावी लागते, कारण अळीला पंख नसतात. हे गणित कुठे फसलंय ते लक्षणांवरून ओळखता येतं, म्हणून खाली लक्षणांप्रमाणेच लिहिलंय.

आधी कळू दे, सोडलं काय होतं

बऱ्याच तक्रारी इथेच निकालात निघतात. ट्रायकोकार्डवर असतो तो ट्रायकोग्रामा, म्हणजे परोपजीवी. तो किडीच्या अंड्यात आपलं अंडं घालतो. भातावर खोडकिडीसाठी लावतात तो हाच. पिठ्या ढेकणाशी त्याचा काही संबंध नाही, त्यामुळे कार्ड लावून ढेकूण हटले नाहीत तर त्यात नवल नाही. इथे बोलायचंय ते परभक्ष्यांबद्दल: क्रिप्टोलीमस नावाचा ढालकिडा (लेडीबर्ड), क्रायसोपा, चवळीवर न बोलावता येणारे ढालकिडे, भातातला मिरिड ढेकूण, काजूवरचे हुमले म्हणजे लाल मुंग्यासुद्धा.

यांच्या खाण्याच्या तऱ्हा वेगळ्या. क्रिप्टोलीमसचा भुंगेरा आणि अळी दोन्ही पिठ्या ढेकूण खातात. क्रायसोपाची फक्त अळी शिकारी; आपल्याकडे विकली जाते त्या जातीचा हिरवा, जाळीदार पंखांचा प्रौढ मकरंद, पराग आणि किडीने टाकलेल्या चिकट्यावर जगतो. म्हणजे एकाच किड्याला लहानपणी मावा हवा आणि मोठेपणी फुलं. पार्सल फोडण्याआधी एवढं माहीत नसेल तर पुढचं सगळं अंदाजपंचे.

दोन-तीन दिवसांतच उडून गेले

क्रिप्टोलीमसच्या बाबतीत पहिला संशय कीड फारच थोडी असल्याचा घ्यावा. ऐकायला उलटं वाटतं, कारण आपल्याला शिकवलंय की लवकर सोडा, कीड वाढू देऊ नका. पण हा भुंगेरा दाट वस्तीवर काम करणारा आहे. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, भारतात आणला गेला १८९८ साली. त्याची मादी आपली अंडी पिठ्या ढेकणाच्या कापसासारख्या अंड्यांच्या पिशवीत किंवा तिच्या अगदी लगत घालते, म्हणजे अळी बाहेर आली की समोर अन्न तयार. झाडावर पिशव्याच नसतील तर ती तिथे थांबत नाही. झाडावर विरळ, एकेकटे ढेकूण दिसत असताना सोडलेले भुंगेरे शेजाऱ्याच्या जास्वंदीवर जाऊन बसतात आणि शेजाऱ्याचं भलं होतं.

म्हणून मागवण्याआधी भिंग घेऊन शेंडे, देठाचे बेचके आणि फळांच्या देठाकडची खाच बघा. पांढऱ्या पिशव्या दिसतात का? सुईने एखादी उघडली की आत पिवळसर किंवा गुलाबी बारीक अंडी भरलेली दिसतात. काही ढेकूण पिशवी करतच नाहीत. लांब शेपट्यांचा पिठ्या ढेकूण त्यातला. त्याच्यावर क्रिप्टोलीमस खातो खरा, पण तिथे त्याची पुढची पिढी नीट उभी राहत नाही. झाड पांढरं दिसतंय एवढ्यावर मागणी नोंदवली तर फसायला होतं ते असं.

सगळेच ढालकिडे इतके खादाड नसतात. १८८८-८९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या संत्रा-लिंबाच्या बागा ज्याने वाचवल्या तो रोडोलिया नावाचा ढालकिडा एकाच खवले किडीवर जगतो आणि ती कीड अगदी विरळ झाली तरी हुडकून काढतो. त्यामुळे तो एकदा सोडला की वर्षानुवर्षं टिकला. ती गोष्ट वाचून क्रिप्टोलीमसकडून तीच अपेक्षा ठेवणं योग्य नाही. कीड संपत आली की हा निघाला, हा त्याचा स्वभाव आहे. तो गेल्याचं दुःख करण्याआधी बघा, ढेकूण उरलेत का? नसतील तर काम झालं म्हणूनच तो गेला.

क्रायसोपाचं वेगळंच. या गटातले प्रौढ कोशातून बाहेर पडले की पहिल्या एक-दोन रात्रींत लांब उडून जातात, खाली कितीही मावा असो. त्यानंतर ते चिकट्याच्या वासावर उतरतात. त्यामुळे आपण सोडलेल्या अळ्यांची पुढची पिढी आपल्याच शेतात राहील हा हिशेब धरू नये. क्रायसोपा एका खेपेचा गडी आहे. हंगामात पुन्हा लागला तर पुन्हा सोडायचा.

वेळ आणि जागेचं थोडक्यात: संध्याकाळी, सावलीच्या बाजूने, किडीच्या अगदी जवळ आणि झाडोझाडी वाटून. बांधावर उभं राहून डबा उघडला तर जे होतं ते होतं.

गेले नव्हते, पुसून टाकले

हे लक्षण फार वेळा नजरेतून सुटतं. क्रिप्टोलीमसची अळी पांढऱ्या मेणाच्या झिपऱ्यांनी इतकी झाकलेली असते की तीच मोठा पिठ्या ढेकूण वाटते. पपईवर किंवा जास्वंदीवर गड्याला “पांढरं दिसेल ते कापडाने पूस” सांगितलं की आपलेच कामगार आधी जातात, कारण तेच सगळ्यांत ठळक दिसतात.

गवताच्या काडीने टोचून बघा. ढेकूण जागचा फारसा हलत नाही. हलला तरी सावकाश. ही अळी लगेच चालायला लागते, बरीच भरभर. ढेकूण तीन-चार मिलिमीटरचा, पूर्ण वाढलेली अळी त्याच्या तिप्पट. तिच्या अंगावरच्या मेणाच्या बटा लांब आणि विस्कटलेल्या असतात, ढेकणाच्या कडेची झालर आखूड आणि नीटस. आणि ती असते तिथे आजूबाजूला फाटलेल्या पिशव्या, कापसाचे लोंबते तुकडे आणि रिकामी सालं दिसतात. एकदा ओळख पटली की विसरत नाही. कोश व्हायची वेळ आली की या अळ्या सालीच्या फटीत नाहीतर वाळक्या गुंडाळलेल्या पानात शिरतात, त्यामुळे बुंध्याजवळचा सगळा पाचोळा त्याच आठवड्यात जाळू नका.

माव्यावरही असंच वाचन करता येतं. क्रायसोपाची अळी माव्याला सुळ्यांसारख्या जबड्यांत धरून शोषून घेते, मागे सुरकुतलेलं साल उरतं. ढालकिडा चावून खातो, पाय-बिय तेवढे सोडतो. पानावर काळपट डांबरासारखा ओघळ दिसला तर सिरफिड माशीची बिनपायाची अळी तिथे जेवून गेलेली असते. किडे दिसत नसले तरी जेवणाच्या खुणा दिसतात.

क्रायसोपाच्या अळ्या निम्म्याही उरल्या नाहीत

एकमेकींना खाल्लं. यात खोट नाही, जातच तशी आहे. मादी प्रत्येक अंडं केसासारख्या बारीक देठाच्या टोकावर उभं घालते, ते यासाठीच, की आधी फुटलेल्या अळीने शेजारची अंडी खाऊ नयेत. प्रयोगशाळेत या अळ्या तांदळातल्या पतंगाच्या, म्हणजे कोर्सिराच्या अंड्यांवर वाढवतात. ही अंडी डब्यात असेपर्यंत ठीक. पार्सल दोन दिवस एसटीच्या डेपोत पडून राहिलं की डब्यातलं अन्न संपतं आणि मग मोठ्या अळ्या लहानांना खातात. डब्यात थोडक्याच, पण गलेलठ्ठ अळ्या दिसल्या तर कारण हेच समजा. मागवताना कप्पे असलेली किंवा भुशात मिसळलेली खेप मागा, ती पोचण्याचा दिवस पक्का करा आणि आली त्या संध्याकाळीच सोडा. उद्या रविवार आहे, निवांत सोडू, असं चालत नाही.

शेतात सोडल्यावरही हेच. एका झाडावर मूठभर अळ्या झटकल्या आणि तिथे मावा विरळ असला की दोन दिवसांत तिथे दोनच उरणार. मावा जिथे जिथे शेंड्यावर गुच्छाने आहे तिथे थोड्या थोड्या, ही एकच पद्धत.

किडे आहेत, जोमात आहेत, तरी कीड वाढतेच आहे

आता उलट टोक. इथे उपासमार नाही, अजीर्ण आहे.

सी. एस. हॉलिंग नावाच्या कॅनडातल्या शास्त्रज्ञाने १९५९ मध्ये हा हिशेब मांडला. त्याने डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या सहायकाला टेबलावर पसरलेल्या सँडपेपरच्या चकत्या चाचपून शोधायला आणि उचलून बाजूला ठेवायला लावल्या. चकत्या थोड्या असताना बहुतेक वेळ शोधण्यात जायचा. चकत्या वाढवल्या की उचलल्या जाणाऱ्या चकत्याही वाढायच्या, पण एका मर्यादेपर्यंतच. पुढे कितीही चकत्या टाकल्या तरी मिनिटाला तेवढ्याच, कारण आता सगळा वेळ उचलून ठेवण्यात जातो. किड्याचं तसंच आहे. एक ढेकूण धरायचा, फोडायचा, खायचा, पचवायचा, याला ठरावीक वेळ लागतो. झाडावर दोनशे ढेकूण असोत की वीस हजार, पोट भरल्यावर रोजचा आकडा तोच राहतो.

याचा शेतातला अर्थ असा, की कीड जितकी जास्त, तितका एका भुंगेऱ्याने खाल्लेला वाटा कमी. पिठ्या ढेकणाची एक मादी शेकड्यांनी अंडी घालते. पूर्ण पांढऱ्या पडलेल्या झाडावर दहा-वीस भुंगेरे सोडणं म्हणजे पुरात बांध घालणं. ते उपाशी मरणार नाहीत, मजेत राहतील, अंडीही घालतील. पण त्यांची पुढची पिढी कामाला लागायला महिना जातो आणि तोवर झाड काळ्या बुरशीने माखतं.

इथे उपाय आधी कीड कमी करणं. जास्त लागलेले शेंडे छाटून पिशवीत भरून बाहेर काढा. पाण्याचा जोरदार फवारा मारा. आगरात पंप असतोच. साबणाचं पाणी मारलंत तरी हरकत नाही, वाळल्यावर त्याचा त्रास राहत नाही. छाटलेल्या फांद्यांवर आधीच क्रिप्टोलीमसच्या अळ्या असतील तर त्या फांद्या एक-दोन दिवस बुंध्याशी टेकवून ठेवा, अळ्या झाडावर परत चढतात. मग आठवड्याने भुंगेरे सोडा. कीड मध्यम, पिशव्या जागोजागी, पण झाड अजून पांढरं नाही, ही त्यांच्यासाठी बरोबर वेळ.

किडे, कीड दोन्ही बरोबर, पण जेवायला मिळत नाही

झाडावर मुंग्यांची रांग आहे का बघा. मावा, खवले कीड आणि पिठ्या ढेकूण गोड चिकटा सोडतात, आणि मुंग्या त्या चिकट्यासाठी या किडींची राखण करतात. ढालकिड्याला चावे घेऊन हुसकावतात, त्याची अंडी उचलून नेतात. क्रिप्टोलीमसच्या अळीला मेणाच्या झिपऱ्यांमुळे थोडं संरक्षण मिळतं, भुंगेऱ्याला मिळत नाही. बुंध्याला प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळून तिच्यावर ग्रीस लावा, सालीवर थेट लावू नका. आणि शेजारच्या झाडाला, कुंपणाला, विजेच्या तारेला टेकलेल्या फांद्या छाटा. हे दुसरं काम लोक विसरतात आणि मग ग्रीस चालत नाही म्हणतात.

हुमल्यांचं प्रकरण मात्र नाजूक आहे. पानं शिवून घरटी करणाऱ्या या लाल मुंग्या स्वतःच पक्क्या शिकारी आहेत. काजूवरच्या ढेकण्याला, म्हणजे पालवीचा रस शोषणाऱ्या किड्याला (टी मॉस्किटो), त्या पालवीवर टिकू देत नाहीत. चीनमध्ये संत्र्याच्या झाडांवर याच जातीच्या मुंग्यांची घरटी आणून बांधत, याची नोंद इसवी सन ३०४ च्या सुमारास लिहिलेल्या ग्रंथात आहे. किडीने कीड मारण्याची इतकी जुनी दुसरी नोंद सहसा सापडत नाही. त्या टिकतात याचं कारण त्यांचं ताट मोठं आहे. ढेकण्या नसेल तर सुरवंट, सुरवंट नसेल तर माशी, आणि साखरेसाठी पाळलेली खवले कीड आहेच. एका किडीवर अवलंबून नसल्याने कीड संपली म्हणून हुमले झाड सोडत नाहीत.

पण पाळलेली ती खवले कीड आणि ढेकूण हीच अडचण. हुमल्यांच्या झाडावर क्रिप्टोलीमस सोडणं हा निव्वळ तोटा आहे. माझं मत विचाराल तर काजूच्या बागेत, ढेकण्याचा त्रास जास्त तिथे, हुमले राहू द्यावेत. बोंडू वेचणारी माणसं शिव्या घालतील, त्यांना चावे कमी बसतील अशा झाडांपासून वेचणी सुरू करायला सांगावं. परसातल्या पेरू, सीताफळ, जास्वंदीवर मात्र घरटी उतरवावीत आणि तिथे भुंगेऱ्यांना जागा करून द्यावी.

दर ऑक्टोबरात पुन्हा तीच रड

ही खरी कोकणातली तक्रार. घाटावर कसली ना कसली पिकं आणि त्यांच्यावरचा मावा वर्षभर थोडाफार असतो. इथे जून ते सप्टेंबर तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. मावा धुतला जातो, ढेकूण फटींत उरतात तेवढे उरतात, आणि त्यांच्यावर जगणारे ढालकिडे, क्रायसोपा, सिरफिड माश्या उपासाने कमी होतात. ऑक्टोबरात ऊन पडलं, पालवी फुटली, भात कापल्यावर ओलीवर चवळी-वाल पेरला, की किडीला एकदम कोवळं अन्न मिळतं. माव्याची मादी नराशिवाय जिवंत पिल्लं घालते आणि ती पिल्लं आठवड्याभरात स्वतः आया होतात. ढालकिड्याची पिढी व्हायला तीन-चार आठवडे. शर्यत सुरू होतानाच शिकारी मागे असतो.

त्यात ढालकिड्याची मादी हिशेबी. नुकत्याच वसलेल्या माव्याच्या गुच्छाजवळ ती अंडी घालते. तिथे आधीच दुसऱ्या अळ्या फिरून गेल्याचा वास लागला तर टाळते, कारण गुच्छ विखुरण्याआधी पिल्लांचं पोषण पूर्ण व्हायला हवं. खायला कमी असेल तर तिची अंडी तयार होणंच थांबतं. म्हणून जानेवारीत जुनाट, काळवंडलेल्या माव्यावर ढालकिडे भरपूर दिसतात पण अंडी दिसत नाहीत. ते जेवायला आलेत, राहायला नाही.

उपाय पावसाळ्यातच सुरू होतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात त्यांना पहिलं जेवण कुठे मिळेल याची सोय करायची, आणि ती सोय आपल्या पिकाला लागणाऱ्या किडीची नको. मिरची-वांग्याच्या कडेला मक्याच्या एक-दोन ओळी हा उत्तम प्रकार: मक्यावरचा मावा मिरचीला लागत नाही, मक्याचे पराग क्रायसोपाला आणि ढालकिड्यांनाही चालतात. आंब्याच्या कलमांजवळ रिकाम्या जागेत आगाप चवळीचा पट्टा चालेल, तो काळा मावा आंब्यावर जात नाही. पण तुमचं मुख्य पीक वाल असेल तर हीच चवळी घातक, कारण चवळी आणि वाल दोन्हींवर येणारा मावा एकच. पेण-अलिबागकडच्या वालवाल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. भाताच्या बांधावर तूर लावायची आपली रीत आहेच, ती सोडू नका. तुरीचा फुलोरा आणि तिच्यावरची बारीकसारीक कीड, दोन्ही उपयोगाचं. बडीशेप, कोथिंबीर, शेपू थोडी फुलावर जाऊ द्या. दसऱ्याला झेंडू तोडून झाला म्हणून झाडं लगेच उपटू नका.

रुईबद्दल नेहमी विचारतात. समुद्राकाठी, रस्त्याकडेला रुईवर तो पिवळाजर्द मावा जवळजवळ वर्षभर असतो आणि ढालकिडेही बसलेले दिसतात, मग तीच का नको? हा मावा रुईच्या चिकातलं विष अंगात साठवतो. त्याच्यावर ढालकिडे दिवस काढतात, पण काही जातींच्या अळ्या नुसत्या त्यावर नीट वाढत नाहीत आणि मादीची अंडीही घटतात. पोट भरणारं अन्न आणि वंश वाढवणारं अन्न वेगळं असतं. असलेली रुई राहू द्या, तिच्यावर भिस्त ठेवू नका.

जास्वंद मात्र दुधारी आहे. तिच्यावर पिठ्या ढेकूण जवळजवळ हमखास, म्हणून क्रिप्टोलीमसची ती घरची रोपवाटिका होऊ शकते. पण तेच ढेकूण पपई, सीताफळालाही लागू शकतात, आणि तिच्यावरचा मावा भेंडी-मिरचीला. घराच्या अंगाला, भाजीपासून दूर ठेवा आणि तिच्यावर कसलाही फवारा मारू नका. सप्टेंबरात तिच्यावर मेणाच्या झिपऱ्यांच्या अळ्या दिसल्या तर त्या फांद्या तोडून बागेतल्या लागलेल्या झाडांवर बांधा. विकतची खेप वाचते.

भातखाचरात विकत काहीच घ्यावं लागत नाही

तुडतुड्यांची अंडी खाणारा मिरिड ढेकूण, कोळी, पाण्यावर पळणारे ढेकूण हे सगळे आपणहून येतात. प्रश्न असतो तो लावणीनंतरच्या पहिल्या महिन्यात, तुडतुडे येण्याआधी, ते खाणार काय. इंडोनेशियात १९८६ मध्ये भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी आली आणि त्यानंतर जावा बेटावर झालेल्या अभ्यासात याचं उत्तर मिळालं: शेणखत-पाचोळा कुजवणाऱ्या आणि पाण्यातलं शेवाळ खाणाऱ्या बारीक चिलटांवर, उड्या मारणाऱ्या किड्यांवर. पिकाला त्यांचा काहीच त्रास नाही, पण त्यांच्यामुळे शिकारी आधीपासूनच भरपूर असतात. खाचरात सेंद्रिय माल जास्त तिथे ही चिलटं जास्त, आणि शिकारीही जास्त. १९९६ मध्ये हे प्रसिद्ध झालं.

म्हणजे चिखलणीच्या वेळी गिरिपुष्पाचा पाला किंवा शेणखत घातलं की नत्राबरोबर कोळ्यांच्या जेवणाचीही सोय होते. उलट, लावणीनंतर पंधरा-वीस दिवसांत “खबरदारी म्हणून” मारलेला फवारा आधी हे चिलट आणि कोळी मारतो, आणि पुढे तुडतुडे आले की अडवायला कोणी नसतं. मिरिड ढेकूण हिरवा-काळा, चपळ, तुडतुड्याएवढाच. कीड समजून त्याच्यावरच फवारणी झालेली मी पाहिली आहे. तो तुडतुड्यांच्या अंड्यांवर जगतो, म्हणून तुडतुडे वाढू लागले की मागोमाग वाढतो. बुंध्याशी वाकून दोघांची तुलना केल्याशिवाय पंप उचलू नये. कोळी हा कीटक नाही हे मान्य, पण खाचरात त्याला वगळून हिशेब पुरा होत नाही.

हापूसच्या कलमांत काय?

मोहोरावर तुडतुडे असताना मित्रकीटकांवर विसंबा असं सांगणाऱ्याने स्वतः बाग केलेली नसते. पालवीपासून फळ धरेपर्यंत दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या वेळापत्रकाप्रमाणे फवारण्या होतात आणि त्या काळात त्याच झाडांवर विकतचे भुंगेरे सोडणं पैसे वाया घालवणं आहे. पायरेथ्रॉइड गटातल्या औषधांचा अंश पानावर आठवड्यानुआठवडे मित्रकीटकांना मारतो, आणि आंतरप्रवाही औषधं रस शोषणाऱ्या किडीतून तिला खाणाऱ्यापर्यंत पोचतात. शेवटची फवारणी आणि सोडणी यांत तीन-चार आठवडे तरी जाऊ द्या.

करता येतं ते एवढं: तुडतुडे खरोखर मोजून मगच फवारणी घ्यायची, आंब्यासाठीचा पंप परसातल्या जास्वंद-पेरूवर आणि बांधावरच्या तुरीवर “जाता जाता” फिरवायचा नाही, आणि एप्रिलात फळांच्या देठाशी ढेकूण दिसले तर सगळ्या बागेऐवजी तेवढीच झाडं हाताळायची. न फवारलेला हा कडेचा पट्टा हीच पावसानंतरची शिल्लक असते.

मागणी नोंदवण्याआधी

पपईवर पिठ्या ढेकूण असतील तर आधी एक गोष्ट बघा. हा परदेशी ढेकूण २००८ मध्ये कोइम्बतूरला सापडला आणि देशभर पसरला. २०१० मध्ये त्याच्यावरचा परोपजीवी, असेरोफॅगस नावाची बारीक गांधीलमाशी, पोर्तो रिकोहून आणून सोडली गेली आणि ती मूळ धरून बसली. पांढऱ्या गर्दीत तपकिरी, कडक, पिंपासारखे फुगलेले ढेकूण दिसले, त्यांच्या टोकाला गोल भोक असलं, तर ती माशी तुमच्या झाडावर पोचलेली आहे. चवळीच्या माव्यात सोनेरी-तपकिरी फुगलेली सालं दिसली तर तिथेही असंच काहीतरी चालू आहे. नारळाच्या झावळीखाली चक्राकार पांढऱ्या माशीचे कोश काळे पडलेले दिसले तर तेच. अशा वेळी क्रिप्टोलीमस-क्रायसोपा मागवू नका, कारण ते निरोगी ढेकणांबरोबर माशीची पिल्लं पोटात असलेले ढेकूणही खातात. पंधरा दिवस थांबा, त्याच फांद्या पुन्हा मोजा. फुगलेल्यांचा वाटा वाढत असेल तर पाण्याचा फवाराही मारू नका.